ड्रॅगन स्टिकर चिकटवल्यासारखा का दिसतो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, चुकलं तर सांगा. दोन वर्षं अ‍ॅक्रिलिक करताय. अमूर्त पार्श्वभूमी छान जमते, घरचे-दारचे कौतुक करतात. पण त्यावर ड्रॅगन काढला की तो बाजारातून आणून चिकटवल्यासारखा दिसतो. म्हणून तुम्ही विचारलंय की आधी ड्रॅगन काढून भोवतीने रंग भरू, की आधी अमूर्त करून वर ड्रॅगन काढू? आणि अ‍ॅक्रिलिक भराभर वाळतं, कडा मऊ करता येत नाहीत, तर ऑइलकडे वळू का?

ऑइलकडे वळायची काही गरज नाही. आणि आधी काय, नंतर काय, हा तुमचा खरा प्रश्न आहे असं मला वाटत नाही. खालच्या रंगकामाला तुम्ही ‘पार्श्वभूमी’ म्हणताय ना, दुखणं तिथे आहे. एकदा एखाद्या गोष्टीला पार्श्वभूमी म्हटलं की तिच्यासमोर कुणीतरी येऊन उभं राहणार, नाटकातल्या पडद्यापुढे नट उभा राहतो तसं. मग पडदा कितीही सुंदर असो, नट त्यातला वाटत नाही.

मी स्वतः हे चार-पाच वर्षं केलं. निळ्या-हिरव्या लाटा ओतायच्या, वाळल्या की वर सोनेरी ड्रॅगन, प्रत्येक खवला रेखीव. एका कॅफेच्या मालकांसाठी असंच एक मोठं चित्र केलं होतं. ते भिंतीवर लागलं त्या दिवशी माझ्या मामेबहिणीने लांबून बघितलं आणि म्हणाली, “छान आहे गं, खाली तारखा घातल्यास की कॅलेंडर होईल.” राग आला, पण तिचं खरं होतं. तेव्हापासून मी ड्रॅगन रंगवणं जवळपास सोडलं. आता मी ड्रॅगन नसलेला भाग रंगवते. पुढचं सगळं उत्तर या एका वाक्याचाच विस्तार आहे.

त्याआधी, कशावर काय अवलंबून आहे ते सांगते, कारण माझी पद्धत सगळीकडे चालणार नाही. कुणी नेमका अमुक पोझमधला ड्रॅगन मागितला असेल, मुलांच्या खोलीची भिंत असेल, पुस्तकाचं मुखपृष्ठ असेल, तर रेखाटन आधी, त्यात दुमत नाही. तिथे ‘सापडेल तसा ड्रॅगन’ म्हणून चालत नाही. कॅनव्हास फूटभराचा असेल तरीही माझी पद्धत अडचणीची होते. शोधायला जागाच नसते. दोन फूट बाय तीन फूट किंवा त्याहून मोठा असेल तर बघा. आणि तुम्ही कुठे राहता त्यानेही फरक पडतो. मी कोकणात, चिपळूणला. इथे जुलैमध्ये जो थर तासभर ओलसर राहतो, तोच मे महिन्यात विदर्भात पॅलेटवरून कॅनव्हासपर्यंत जाईतो वाळेल.

आता पद्धत.

कॅनव्हासला जेसोचे (रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन हात, मध्ये बारीक पॉलिशपेपर. मग तीन रंग, तिन्ही पारदर्शक. ट्यूबवर एक छोटा चौकोन छापलेला असतो: रिकामा असेल तर रंग पारदर्शक, भरलेला असेल तर अपारदर्शक, अर्धा भरलेला म्हणजे मधला. ज्या ट्यूबवर तो नसेल तिचा रंग कागदावरच्या काळ्या रेघेवरून ओढून बघा. रेघ स्वच्छ दिसली तर पारदर्शक. माझं नेहमीचं त्रिकूट म्हणजे थॅलो ग्रीन, क्विनाक्रिडोन मजेंटा आणि एखादा पारदर्शक पिवळा. हिरवा आणि मजेंटा एकमेकांत मिसळले की जवळपास काळा रंग तयार होतो, त्यामुळे काळी ट्यूब न उघडता चित्रात खोल अंधार येतो. थॅलो मात्र जपून, वाटाण्याएवढा पुरे. तो घरात आलेल्या पाहुण्यासारखा आहे, बसायला दिलं की झोपायलाही थांबतो.

हे रंग मोठ्या ब्रशने, स्पंजने लावायचे, पाण्याची फवारणी करायची, कॅनव्हास उभा धरून ओघळ येऊ द्यायचे. ओल्या रंगावर स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिकची फिल्म चुरगळून पसरायची आणि रात्रभर तशीच ठेवायची (पावसाळ्यात दोन रात्री). सकाळी फिल्म काढली की खाली शिरांसारख्या, पंखांच्या पडद्यांसारख्या रेषा मिळतात. हाताने काढायला गेलात तर तशा जन्मात येणार नाहीत. या टप्प्याला मी ड्रॅगनचा विचार करत नाही. खरं सांगायचं तर प्रयत्नपूर्वक टाळते, कारण मनात ड्रॅगन आला की हात लगेच इंग्रजी एस काढायला लागतो.

पाणी जास्त घालू नका. अ‍ॅक्रिलिकमध्ये रंगाचे कण प्लास्टिकच्या चिकाने धरून ठेवलेले असतात. पाण्याने तो चीक विरळ झाला की रंग वाळल्यावरही ओल्या फडक्याने निघून येतो. फार पातळ हवा असेल तर पाण्याऐवजी मीडियम घाला, म्हणजे रंगाशिवायचा नुसता चीक.

मग चित्र भिंतीकडे तोंड करून दोन दिवस ठेवते. तिसऱ्या दिवशी ते चारही बाजूंनी फिरवून बघते आणि मोबाइलवर फोटो काढून काळा-पांढरा करते. रंग गेले की गडद-फिक्याचा सांगाडा दिसतो. लिओनार्दो दा विंचीने चित्रकारांना डाग पडलेल्या भिंतींकडे बघत बसायला सांगितलं होतं, त्यात डोंगर, लढाया, चेहरे दिसतात म्हणून. आपल्याकडे तर श्रावणात प्रत्येक घरात अशी एक भिंत असते.

या टप्प्याला सगळे तोंड शोधतात. मी कणा शोधते. चित्राच्या एका टोकाकडून दुसरीकडे जाणारी, कुठे गडद कुठे फिकी, पण नजर न तुटता सरकत जाईल अशी एक वाट. ती मिळाली की खडूने हलकी रेघ मारायची. साधा शाळेतला खडू. वाळलेल्या अ‍ॅक्रिलिकवरून तो ओल्या फडक्याने पुसला जातो, त्यामुळे दहा वेळा चुकायची मुभा आहे. पेन्सिल वापरू नका, पारदर्शक थरांखाली ती दिसत राहते. कण्याची वाट पटली की मग खांदा कुठे, कंबर कुठे आणि शेवटी डोकं.

कणा मिळालाच नाही तर? होतं असं, चारातल्या एका कॅनव्हासला तरी होतं. मग मी ते चित्र अमूर्त म्हणूनच पूर्ण करते, नाहीतर वर आणखी एक थर देते. ओढूनताणून ड्रॅगन बसवत नाही.

आता मुख्य काम. खडूच्या रेघेच्या आत काहीच करायचं नाही. बाहेर करायचं.

एक उदाहरण जवळून सांगते. मागच्या वर्षी दोन बाय तीन फुटांच्या एका चित्रात डावीकडे वरच्या बाजूला फिल्मच्या सुरकुत्यांचा एक पट्टा होता, हिरव्यातून जांभळ्यात जाणारा. तो खांदा ठरवला. अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना आणि भरपूर टायटॅनियम व्हाइट घेऊन एक राखाडी केला, पावसाळी आभाळाचा असतो तसा. टायटॅनियम व्हाइट अपारदर्शक, म्हणजे खालचं झाकतो. हा राखाडी खांद्याच्या वरच्या कडेला चपट्या ब्रशने लावला, कड स्वच्छ. क्षणात खांदा पुढे आला, जणू धुक्यातून कुणी बाहेर पडलं. खांद्याला मी हातही लावला नव्हता. त्यावरचे हिरवे-जांभळे थर, सुरकुत्या, ओघळ, सगळं पहिल्या दिवसाचं. आणि राखाडी मी सगळीकडे सपाट लावला नाही, मधूनमधून विरळ ठेवला, त्यामुळे खालचा हिरवा आभाळातही दिसत राहिला. ड्रॅगनच्या अंगात जो रंग तोच त्याच्या हवेत. मग तो चिकटवलेला कसा दिसेल?

चिनी चित्रकारांना हे शतकानुशतकं माहीत आहे. चेन रोंग नावाच्या सोंग राजवटीच्या काळातल्या चित्रकाराची १२४४ सालची ‘नऊ ड्रॅगन’ ही लांबलचक गुंडाळी बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये आहे, नेटवर मोठ्या आकारात बघता येते. तो शाई शिंपडून ढग करायचा आणि पाणी उडवून धुकं करायचा, असं त्याच्याबद्दल लिहून ठेवलंय. बघाल तर अख्खा ड्रॅगन क्वचितच दिसेल. कुठे पंजा, कुठे पाठीचा वळसा, बाकी ढगात. ढगाने झाकलेलं आपण मनाने पूर्ण करतो.

यातूनच तुमच्या कडांच्या तक्रारीचं उत्तर निघतं. माझ्या चित्रात तीन प्रकारच्या कडा असतात. धारदार कडा थोड्याच, तोंड, एखादा पंजा, पंखाचं टोक एवढ्यापुरत्या. मऊ कडा बऱ्याच. आणि हरवलेल्या कडा, जिथे अंग कुठे संपतं आणि हवा कुठे सुरू होते ते सांगताच येत नाही, अशा किमान एक तृतीयांश. स्टिकरला बघा, त्याची कड चहूकडून सारखीच धारदार असते. तुमचा ड्रॅगन तसा दिसण्याचं निम्मं कारण हेच असणार.

मऊ कड करायला ऑइल लागत नाही. कडेच्या दोन्ही बाजूंना आधी हलकी फवारणी करा, रंग लावा, आणि लगेच दुसऱ्या कोरड्या मऊ ब्रशने कडेवरून हलकेच फिरवा. वीस-तीस सेकंद मिळतात, हातभर कडेला पुरतात. एका वेळी तेवढंच करायचं. जास्त वेळ हवा असेल तर रिटार्डर मिळतो, पण बाटलीवर लिहिलंय त्याहून जास्त घालू नका, थर चिकट राहतो. उलट अ‍ॅक्रिलिकचं भराभर वाळणं आपल्या कामाचं आहे: एकदा वाळलं की वरच्या ओल्या थराने खालचं उठत नाही. माझी सगळी पद्धत यावर उभी आहे. ऑइलमध्ये हेच करायला मला आठवडे थांबावं लागलं असतं.

थोडं ड्रॅगनच्या अंगाबद्दल. काल्पनिक प्राणी आहे म्हणून काहीही चालतं, असं नाही. लिओनार्दोनेच सांगितलंय की काल्पनिक प्राणी खरा वाटायला हवा असेल तर त्याचा प्रत्येक अवयव कुठल्यातरी खऱ्या प्राण्याचा हवा; ड्रॅगनसाठी त्याने मांजराचे डोळे, साळिंदराचे कान, कासवाची मान अशी यादीच दिलीय. चिनी परंपरेतही नऊ साम्यं मानतात: हरणाची शिंगं, उंटाचं डोकं, सापाची मान, माशाचे खवले, गरुडाच्या नख्या, वाघाचे पंजे वगैरे.

मी बघते ते आसपासचंच. घोरपडीच्या मानेवरची सैल, घड्या पडलेली कातडी बघा. तिचे खवले कौलांसारखे नसतात, बारीक मण्यांसारखे असतात. कोंबडीचा पाय जवळून बघा, पुढच्या बाजूला आडव्या पट्ट्या, तो तयार ड्रॅगनचा पंजा आहे. पंखासाठी वटवाघूळ: त्याचा पंख म्हणजे लांबलेली बोटं आणि त्यांमध्ये ताणलेलं कातडं, त्यामुळे सगळ्या काड्या मनगटापाशी एकत्र येतात. बहुतेक जण त्या छत्रीसारख्या कुठूनही काढतात आणि पंख खोटा दिसतो. पश्चिम घाटात, गोव्याच्या जंगलातही, उडता सरडा आहे, त्याच्या शास्त्रीय नावात ‘ड्रॅको’ म्हणजे ड्रॅगनच आहे. त्याचा पंख बोटांचा नाही, लांबलेल्या बरगड्यांचा. चार पाय ठेवून वर पंखही द्यायचे असतील तर ही रचना जास्त पटते असा माझा अनुभव.

आणि देशी काही हवं असेल तर जंजिऱ्याच्या दरवाज्यावरचा शरभ, म्हणजे सिंहासारखा काल्पनिक पशू, बघून या, पंजात हत्ती धरलेला. त्याचं बळ आपल्याला त्या हत्तींच्या आकारावरून कळतं. ड्रॅगनचा आकार दाखवायचा असेल तर शेजारी काहीतरी लहान ठेवा. अख्ख्या कॅनव्हासभर तो एकटाच पसरला असेल तर पालसुद्धा असू शकते.

पूर्वेचा की पश्चिमेचा, हेही आधी ठरवलेलं बरं. पूर्वेचा बहुधा बिनपंखांचा, पाण्या-पावसाचा. त्याला ढग, धुकं, लाटा शोभतात आणि अमूर्त थरांत तो सहज विरघळतो. पश्चिमेचा आगीचा आणि वजनदार, त्याला जमीन लागते. तुमचं खालचं काम निळं-हिरवं आणि वाहतं असतं असं तुम्ही लिहिलंय, आणि वर काढता पश्चिमेचा, चार पायांवर उभा. उभा राहणार कुठे बिचारा?

खवल्यांवर फार वेळ घालवू नका. चिनी ड्रॅगनला ११७ खवले असतात असं मानतात. मी तीस-चाळीसच्या वर काढत नाही, तेही जिथे उजेड पडतो तिथेच. बाकी ठिकाणी कांद्याची प्लास्टिकची जाळीदार पिशवी ताणून धरते आणि वरून जवळजवळ कोरड्या स्पंजने रंग थोपटते. पिशवी थोडी ओढली की भोकं लांबट होतात, पोटाकडचे खवले होतात. सैल सोडली की पाठीवरचे. अख्ख्या अंगावर मात्र नको, नाहीतर जाळीच दिसते.

यानंतर ग्लेझ, म्हणजे पातळ पारदर्शक रंगाचा हात. एक भाग पारदर्शक रंग, आठ-दहा भाग ग्लेझिंग मीडियम, आणि हा हात ड्रॅगन आणि आभाळ दोन्हींवरून एकदमच फिरवायचा. सावलीच्या बाजूला जांभळट, उजेडाच्या बाजूला पिवळट. दोन्हींवरून एकच रंग गेला की ते एकाच उजेडात आहेत हे डोळ्याला पटतं. यात एक फसगत आहे: ओला चीक दुधाळ असतो आणि वाळला की पारदर्शक होतो, त्यामुळे रंग वाळल्यावर गडद दिसतो. म्हणून ओला असताना ‘अगदी बरोबर’ वाटला तर तो गडद होणार. एक कपटा रंगवून हेअर ड्रायरने वाळवून बघायचा आणि मगच चित्राला हात लावायचा. स्वस्त विद्यार्थी-ट्यूबांमध्ये भरताड जास्त असतं, त्यांचं ग्लेझ मळकट पांढरं पडतं. तेव्हा पैसे वाचवायचे असतील तर पांढरा आणि राखाडीचे रंग स्वस्त घ्या, पारदर्शक तीन चांगले घ्या.

डोळा सगळ्यांत शेवटी. झांग सेंगयाओ नावाच्या चित्रकाराची चिनी दंतकथा आहे: त्याने देवळाच्या भिंतीवर चार ड्रॅगन काढले, डोळे मात्र ठेवले नाहीत, म्हणे ठेवले तर उडून जातील. लोकांनी हट्ट केला, दोघांना बुब्बुळं दिली, वीज कडाडली, भिंत फुटली आणि ते दोघे गेले. माझं कारण इतकं काव्यमय नाही. डोळा आधी काढला की आपण त्या एवढ्याशा जागेच्या प्रेमात पडतो आणि बाकीचं चित्र तिला सांभाळत बसतं. चित्र फिरवायला, डोकं पुसून दुसरीकडे न्यायला हात धजत नाही.

इथे एक प्रामाणिक शंका कुणीतरी काढेलच: डोळा दिला की ते चित्र अमूर्त कुठे राहिलं? नाहीच राहत. चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने थरावर थर द्यायचे, खरवडायचे, आणि आपल्या चित्रांना अमूर्त म्हणणंही त्यांना पसंत नव्हतं; ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणा म्हणायचे. तिथे कुठलीही वस्तू नाहीच. आपलं काम त्या गावचं नाही. आपण अमूर्ताची रीत घेतो आणि तिच्यातून एक प्राणी बाहेर काढतो. मी स्वतः हल्ली काही चित्रांना डोळा देतच नाही. बघणाऱ्याला ड्रॅगन दिसला तर दिसला.

वार्निशची घाई करू नका, विशेषतः पावसाळ्यात. मी किमान दोन आठवडे थांबते आणि कोरडा दिवस बघते. दमट हवेत लावलेल्या वार्निशवर पांढुरकी झाक येऊ शकते. आणि चित्रं एकमेकांना तोंड लावून कधीही ठेवू नका. अ‍ॅक्रिलिक उष्ण-दमट हवेत मऊ पडतं. एका ऑगस्टमध्ये माझी दोन चित्रं अशी एकमेकांना चिकटली की सोडवताना एकाचं शेपूट दुसऱ्याच्या आभाळात गेलं.

थोडक्यात क्रम हवाच असेल तर: पारदर्शक थर, दोन दिवसांची विश्रांती, कणा, खडू, बाहेरून अपारदर्शक, मग थोडे खवले, ग्लेझ, डोळा. रेखाटन आधी फक्त तेव्हा, जेव्हा दुसऱ्या कुणाला आधी दाखवायचं असेल.

नवीन कॅनव्हास आणायच्या आधी मात्र एक करा. तुम्ही फोटोत दाखवलेलं ते निळं चित्र फेकू नका. त्यातल्या लाल ड्रॅगनच्या पाठीची वरची कड आणि मागचा डावा पाय खालच्याच निळ्यात थोडा पांढरा घालून झाकून टाका, पाय तर पूर्ण जाऊ द्या. मग अगदी पातळ मजेंटा ग्लेझ अख्ख्या चित्रावरून, निळ्यावरूनही. दोन तासांचं काम आहे. झालं की मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढून इथे टाका, आधीचा आणि नंतरचा शेजारी-शेजारी. डोक्याचं काय करायचं ते त्यावरून ठरवू. मला वाटतं ते तीन बोटं खाली आणावं लागेल.